हे नको म्हणतात

१

मेलेल्या माणसाने पदक नाकारलं, असं प्रकरण पदक विभागात याआधी कधी आलं नव्हतं.

अर्ज एका सैनिकाच्या विधवेचा होता. नवरा बिनतारी संदेशवाला. ऐन तरुणपणी, लढाईत, टेकडीवरच्या चौकीत तो एकटाच अडकला. चौकीला वेढा पडला, छप्पर कोसळलं, तरी तो यंत्रापाशी बसून राहिला आणि मदतीला निघालेल्या आपल्या तुकडीला ‘येऊ नका’ म्हणून कळवत राहिला. तुकडी मागे फिरली म्हणून वाचली. तोही पुढे कसाबसा जिवंत सापडला. पण त्या धामधुमीत कोणी त्याची दखल घेतली नाही, आणि स्वतः तो त्याबद्दल जन्मभर अवाक्षर बोलला नाही. आता तो गेला होता, आणि निदान मरणोत्तर तरी त्याला शौर्यपदक मिळावं म्हणून त्याच्या बायकोने वर्षभर खेटे घालून चपला झिजवल्या होत्या. एक साक्षीदार शिल्लक होता, त्याला तिने शोधून काढलं. सुनावणीची तारीख लागली. आणि परवा बाईंनी अर्ज मागे घेतला. कारण एका ओळीत दिलं होतं : हे नको म्हणतात.

‘‘हे म्हणजे कोण हो?’’ कारकुनाने विचारलं, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं.

प्रकरण शंकाताईंकडे आलं. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. आधीची नोकरी पोलिसांतली, आता दाव्यांची पडताळणी करायची. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी ‘‘कोणी पाहिलं?’’ असं विचारायची खोड. ऑफिसात हे नाव त्यांच्या पाठीमागे घेत. पण भिंतींना कान असतात, आणि शंकाताईंचे कान भिंतींपेक्षा तिखट होते.

‘‘बाईंवर कोणी दबाव आणला असेल तर शोधा,’’ मोठे साहेब म्हणाले. ‘‘नसेल, तर परवा सुनावणीला फाईल बंद. एकदा बंद झाली की पुन्हा उघडायची नाही, हे ठाऊक आहे ना?’’

शंकाताईंना ठाऊक होतं. त्या दुपारीच निघाल्या.

२

घर जुनं, दुमजली. खाली बाई आणि त्यांची लेक, वर दीर. दार बाईंनीच उघडलं. लहानखुऱ्या, नीटनेटक्या, डोळ्यांत जागरण. वेडसरपणाची मात्र कुठे खूण नव्हती. शंकाताई जरा निराश झाल्या, कारण वेड असतं तर काम सोपं होतं.

‘‘बसा. तुम्ही हसणार, हे धरूनच चालले होते मी,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मी ड्यूटीवर हसत नाही. तुमचे यजमान बोलतात ते कसं?’’

‘‘बोलतात कुठे? गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाच आवाज गेला त्यांचा. गळ्यात नळी बसवलेली. मग बोटाने पलंगावर टकटक करायचे. मोर्सची भाषा, त्यांच्या नोकरीतली. मी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि म्हातारपणी शिकले. लेकीला नाही जमलं. ती आपली त्यांचा हात हातात धरून बसायची तासन्‌तास.’’ बाईंनी पदर सारखा केला. ‘‘गेले तेव्हा वाटलं, आता ही टकटकही गेली. पण नाही गेली. चावीकाका राहायला आल्यापासून रोज दिवेलागणीला ऐकू येते.’’

चावीकाका म्हणजे तोच साक्षीदार. लढाईत संदेशाच्या दुसऱ्या टोकाला यंत्राची चावी दाबत तो बसला होता, म्हणून हे नाव. महिन्याभरापूर्वी आला, आणि सुनावणीपर्यंत मागच्या खोलीत त्याची सोय केली होती.

‘‘आणि काय म्हणतात?’’

‘‘नको. पदक नको. एवढंच. पुन्हा पुन्हा.’’

‘‘हे दुसरं कोणी करत नाही कशावरून?’’

बाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘‘तुम्ही फोनवर तुमच्या माणसाचा आवाज ओळखता की नाही? तसाच टकटकणाऱ्याचा हात असतो. प्रत्येकाचा निराळा. हा त्यांचाच हात आहे. शंभरांत ओळखेन.’’

संध्याकाळ होत आली, तशा दोघी आतल्या खोलीत गेल्या. लोखंडी पलंग, त्यावर गादी अजून तशीच, मधोमध एका माणसाएवढा खोलगा पडलेला. उशाशी बंद खिडकी. भिंतीवर तो तक्ता. पलंगामागून पाण्याचा जाड लोखंडी पाइप गेला होता, भिंतीच्याच रंगात रंगवलेला. खोलीत औषधांचा वास अजून रेंगाळत होता. बाई दाराशी स्टुलावर बसल्या, हात मांडीवर, जशा रोज बसत असतील तशा.

बाहेर उजेड उतरत गेला. खोलीतल्या वस्तू एकेक करून करड्या झाल्या. शंकाताई मनातल्या मनात मोठ्या साहेबांना नावं ठेवू लागल्या होत्या, एवढ्यात सुरू झालं.

टक. टकटक. मग जरा खंड. पुन्हा टक.

आवाज पलंगातून येत होता. शंकाताईंनी भूतबीत कधी मानलं नव्हतं, पण अंगावर सर्रकन काटा आला तो काही त्यांना विचारून आला नाही. त्या वाकल्या. पलंगाखाली कोणी नव्हतं. त्यांनी उशापाशी लोखंडावर तळवा टेकला. लोखंड थरथरत होतं. त्यांच्या हाताखाली कोणी तरी बोट आपटत होतं, दमून थांबत होतं आणि पुन्हा आपटत होतं.

‘‘ऐकलंत?’’ बाई अगदी हळू म्हणाल्या. ‘‘नको म्हणतायत.’’

३

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकाताईंनी आधी पाइप गाठला. बाहेरून घराला फेरी मारली की त्याची वाट दिसत होती. वरच्या मजल्यावर दिराच्या मोरीतून निघून तो बाईंच्या न्हाणीघरात उतरत होता, तिथून पलंगामागून जाऊन थेट मागच्या खोलीत, चावीकाकांच्या खाटेशेजारी. पलंगाची उशाकडची सळी पाइपला घट्ट चिकटलेली. त्यांनी न्हाणीघरात पाइपावर किल्लीने एकदा टकटक केलं आणि आतल्या खोलीत ते पलंगातून आल्यासारखं वाजलं. शंकाताईंना जिवात जीव आल्यासारखं झालं. भुताला पाइप लागत नाही.

म्हणजे माणूसच. तिघांना पाइपाची सोय होती, आणि टकटक होताना बाई तर शेजारी बसल्या होत्या. आता मोर्स कोणाला येतं, एवढाच प्रश्न.

दीर दाढी करता करता बोलला. आवाज दणकट, स्वभाव त्याहून दणकट.

‘‘मोर्स? दादाने लहानपणी शिकवलं होतं थोडं. आता माझं नाव तेवढं येतं. पदक? मिळालं तर मिळालं. गल्लीत लोक आजवर ‘तुझा भाऊ काय करायचा’ विचारायचे, आता ‘तू काय केलंस’ विचारतील. मला काय ते सुख?’’

‘‘म्हणजे मिळू नये असं वाटतं?’’

‘‘मत्सर आहे, नाही कशाला म्हणू? पण मेलेल्या भावाच्या नावाने वहिनीला भिववायचं? छे.’’ त्याने वस्तरा धुतला. ‘‘आणि खरं सांगू? तो आजारी पडल्यापासून मी खाली पाऊलच टाकलं नाही. गळ्याला भोक पडलेला माणूस बघवत नाही मला. शेवटचं तोंडही पाहिलं नाही. ती लाज पुरेशी आहे.’’

लेक कामावर निघाली होती. चाळिशीकडे झुकलेली, शिलाईच्या दुकानात कटर. बोटं लांब आणि सारखी कशाशी तरी चाळा करणारी.

‘‘मला ते टकटक कधी जमलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आई भोळी आहे. अर्ज मागे घेतला ना तिने? मग झालं. बाबांना राहू द्या आता निवांत.’’

‘‘तुम्हाला पदक नकोय?’’

‘‘बाबांना काय हवं होतं ते कोणी विचारलंय?’’ असं म्हणून ती चालू लागली. निघताना चावीकाकांच्या खोलीवरून गेली, पण तिकडे मान म्हणून वळवली नाही. म्हातारा ‘‘निघालीस का गं?’’ म्हणाला ते हवेतच राहिलं.

चावीकाका नुसते हाडांचा सापळा, पण बोलू लागले की गाडी सुटायची. चौकी, बर्फ, यंत्राची खरखर. ‘‘आणि मग त्याचा हात ऐकू आला. येऊ नका. येऊ नका. आम्ही मागे फिरलो म्हणून आज मी तुमच्यासमोर बसलोय, ताई.’’

‘‘आणि त्याच्या आधी?’’

‘‘कशाच्या आधी?’’

‘‘‘येऊ नका’ म्हणायच्या आधी काही तरी म्हणाला असेल ना. तुम्ही त्याच्याकडे निघाला होता, ते कोणी बोलावलं म्हणून?’’

काकांनी पाण्याचा पेला उचलला. पाणी त्यात नव्हतंच, तरी दोन घोट प्यायल्यासारखं केलं. ‘‘जुन्या गोष्टी आहेत. एवढं कुठे आठवतंय?’’

शंकाताईंनी ते मनात टिपून ठेवलं. मग विचारलं, ‘‘संध्याकाळची टकटक तुम्ही ऐकता?’’

‘‘रोज ऐकतो. माझ्या कानाशीच वाजते की.’’ त्यांचा आवाज खाली आला. ‘‘वहिनींना सांगायचा धीर होत नाही. त्या म्हणतात, हात त्याचाच आहे. पण त्याचा हात माझ्याइतका कोणी ऐकला नाही. वाहत्या पाण्यासारखा होता. ताई, हा हात त्याचा नाही.’’

४

बायको म्हणते हात त्याचाच. दोस्त म्हणतो हात त्याचा नव्हे. दोघांपैकी एक खोटं बोलतंय असं मानून शंकाताईंनी दुपारभर डोकं फोडलं. समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर बसून त्या दोन्ही चेहरे आठवत राहिल्या, आणि दोन्ही चेहरे खरे होते. शंकाताईंना ही गोष्ट फार खटकली. वर्षानुवर्षांच्या नोकरीत एका घरात दोन खरी माणसं त्यांना क्वचितच भेटली होती.

मग त्यांना तळव्याखालची ती थरथर आठवली. आपटायचं, थांबायचं, पुन्हा आपटायचं. आणि त्या बाकावरून अशा उठल्या की शेजारी बसलेल्या आजोबांनी दचकून पिशवी सावरली.

त्या मागच्या दाराने चावीकाकांकडे गेल्या. ‘‘मला एकच वाक्य शिकवा,’’ म्हणाल्या. ‘‘दूध उतू जातंय.’’

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. पण शिकवलं. शंकाताईंचा हात, काकांच्या मते, घोडागाडीसारखा होता, पण चालेल म्हणाले.

लेक कामावरून आली तेव्हा बाई बाजारात गेल्या होत्या. लेकीने चहा टाकला, कप आणून ठेवला. शंकाताई हवापाण्याच्या गप्पा मारत बसल्या आणि बोलता बोलता टेबलावर चमच्याने, उगीच केल्यासारखं, टकटक करू लागल्या.

लेक वाक्य अर्धवट सोडून उठली आणि स्वयंपाकघराकडे धावली.

उंबऱ्यात ती थांबली. आत गॅस बंद होता. दूध फडताळात होतं. ती पाठमोरीच उभी राहिली, खांदे ताठ.

‘‘आईला सांगू नका,’’ ती म्हणाली.

पण बाई दारात आल्या होत्या, हातात भाजीची पिशवी. आणि टकटक त्यांनाही कळत होती.

५

मग सगळे आतल्या खोलीत जमले. दीरही खाली आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या पलंगासमोर उभा राहिला आणि कुठे बघावं ते न कळून तक्त्याकडे बघत राहिला.

‘‘बाई खरं बोलत होत्या, आणि काकाही,’’ शंकाताईंनी सुरुवात केली. ‘‘काकांना ठाऊक होता तो धडधाकट तरुणाचा हात. बाईंना ठाऊक होता तो गळ्यात नळी असलेल्या माणसाचा. दोन-तीन ठोके, मग श्वासासाठी थांबणं. संध्याकाळचा हातही तसाच थांबत होता. पण भुताला दम कशाला लागेल? हे थांबणं कोणीतरी आजारपणात, या पलंगाशी बसून उचललं होतं. भाऊ खाली आला नाही. काका नंतर आले. बाई माझ्या शेजारी होत्या. उरलं कोण? जी तासन्‌तास हात हातात धरून बसायची आणि आता रोज दिवेलागणीला न्हाणीघरात शिरते, ती. कानाने नाही, तळव्याने शिकली. म्हणून तर तिला ठोके आणि श्वास वेगळे करता येईनात. तिच्या लेखी ते थांबणंही बाबांच्या अक्षरांतच होतं.’’

बाई लेकीकडे बघत होत्या. ‘‘का गं?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

‘‘काय सांगू तुला?’’ लेक फुटली. ‘‘शेवटच्या दिवसांत बाबा ग्लानीत असायचे. माझ्या तळव्यावर रात्रंदिवस एकच. या. अडकलोय. या. चौकीतच असायचे ते, आई. मदत मागत होते आणि कोणी गेलं नाही! आणि ज्याने त्यांना तिथे टाकलं, तो माणूस इथे येऊन दोन वेळा जेवतोय, म्हणतोय ‘ते स्वतः नको म्हणाले’. त्या खोटेपणावर तू पदक लावणार होतीस. बाबांच्या फोटोवर. मला नाही बघवलं.’’

शंकाताई चावीकाकांकडे वळल्या. ‘‘काका, त्याच्या आधी काय म्हणाला तो?’’

काका पलंगाच्या कडेला बसले. गादीतल्या खोलग्याला हात लागला तसा त्यांनी तो झटकन मागे घेतला.

‘‘खरंय पोरीचं,’’ ते म्हणाले. ‘‘आधी ‘या’ म्हणाला. तुळई पायावर पडली होती. या, अडकलोय, या. खूप वेळ. घाबरला होता, हातावरून कळत होतं. मी कळवलं, येतोय. निघालोच होतो आम्ही. मग एकदम थांबला. मला वाटलं, संपलं. आणि मग ‘येऊ नका’. भिंतीच्या भगदाडातून त्याला आमची वाट दिसत होती, आणि वाटेवर दोन्ही बाजूंना दबा धरून बसलेले दिसले. आम्ही त्याच्याकडे येतोय हे त्याला माहीत होतं. तरी म्हणाला, येऊ नका.’’

‘‘मग पहिलं का लपवलंत?’’ लेकीने विचारलं.

‘‘मला वाटलं, मदतीसाठी रडला म्हटलं तर त्याला पदक कोण देणार? आणि...’’ म्हातारा गादीकडे बघत म्हणाला. ‘‘त्याने नको म्हटलं आणि मी ऐकलं, बाळा. इतक्या लवकर ऐकलं. ते कोणाला सांगू?’’

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. महिनाभरात पहिल्यांदाच. मग खाली बसली आणि तिने तोंड हातांत लपवलं. त्या चौकीत बाबा काय म्हणाले होते त्याचं अर्धंच तिच्या तळव्यात आलं होतं.

६

‘‘अर्ज मागे घेणं रद्द करता येईल,’’ शंकाताई म्हणाल्या. ‘‘उद्या सुनावणीत काकांनी पूर्ण साक्ष द्यायची की आजवरची, ते तुम्ही ठरवा. स्पष्टच सांगते, पूर्ण दिली तर मंडळावर कोणी तरी नाक मुरडेलच. पदक हातचं जाऊ शकतं.’’

‘‘पूर्ण द्या, भाऊजी,’’ बाई काकांना म्हणाल्या. आवाज कोरडा होता. ‘‘या म्हणाले तेही सांगा. घाबरले होते तेही सांगा. मी त्यांच्याशी संसार केलाय. झोपेत दचकून उठायचे आणि मला जवळ ओढायचे. न घाबरणारा तो माणूस कोण, मला ठाऊक नाही. त्याचं पदक आणून मी ठेवू कुठे?’’

काकांनी मान हलवली. दिराने नाक शिंकरलं आणि उद्या मी गाडी काढतो, सगळे जाऊ, असं घसा खाकरून जाहीर केलं.

शंकाताईंनी पर्स उचलली. कोडं सुटलं होतं, साक्ष खरी मिळाली होती, फाईल उघडी राहणार होती. त्या स्वतःवर खूश होत्या, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत असावं.

‘‘तुमचे उपकार झाले,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण एक सांगू? रागावू नका.’’

‘‘बोला ना.’’

‘‘हे गेले तेव्हा माणसं आली, रडली, मी नाही रडले. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. मग टकटक सुरू झाली. लोक घाबरले असते. मी नाही घाबरले. दुपारपासून आवरायला घ्यायची मी, संध्याकाळी हे येणार म्हणून. केस विंचरायची. नको म्हणायला का होईना, येत होते.’’

शंकाताईंनी उचललेली पर्स पुन्हा खाली ठेवली.

‘‘तुम्ही म्हणालात, भुताला दम लागत नाही. बरोबर आहे तुमचं. शहाण्या आहात तुम्ही.’’ बाईंचे ओठ वेडेवाकडे झाले. ‘‘पण हे तेव्हा गेले नव्हते हो. आज गेले.’’

आणि त्या जमिनीवर बसल्या, भाजीची पिशवी मांडीवर तशीच, आणि मोठ्याने रडू लागल्या. लेक सरपटत त्यांच्यापाशी गेली. बाईंनी तिला एक चापट मारली, आणि मग छातीशी घट्ट धरलं.

शंकाताई आवाज न करता बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं.